‘सध्या काय करतोस?’ : शहरात एकट्या राहणाऱ्या तरुणांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत गाव सोडून पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांची पत्रं जास्त आहेत. कोणाचं मन लागत नाही, कोणाचे कागद हरवलेत, कोणाला आपलं नाव धड सांगता येईनासं झालंय. उत्तरं देताना मनाच्या गोष्टी आणि कागदाच्या गोष्टी वेगळ्या काढलेल्या नाहीत, कारण पत्रांतही त्या वेगळ्या नाहीत.

प्रश्न : वय ३०, मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात. २०१८ पासून पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससीच्या राज्यसेवेची तयारी करतोय. दोनदा मुख्य परीक्षा दिली, मुलाखतीपर्यंत पोचलो नाही. सोबतचे काही पीएसआय झाले, काही गावी परतले, आता कोणाशी बोलणं नाही. गावी गेलं की पारावर पहिला प्रश्न, ‘सध्या काय करतोस?’ विद्यार्थी म्हणावं तर वय राहिलं नाही, बेकार म्हणवत नाही. या दिवाळीला गेलोच नाही. अभ्यासिकेत बसतो, पान उलटत नाही. हे सोडलं तर मी कोण उरतो?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. परीक्षा द्यायची की सोडायची, हा एक. परीक्षा बाजूला ठेवली तर लोकांनी आपल्याला कशावरून ओळखायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी आकड्यांत मिळतं, म्हणून आधी तो.

मागच्या तीन प्रयत्नांचे स्वतःचे गुण आणि तुमच्या प्रवर्गाचा कट-ऑफ एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. दोन्हींतलं अंतर दर वेळी कमी होत आलं असेल तर अजून एक प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ते वर-खाली होत असेल, म्हणजे एकदा निघालात, पुढच्या वेळी आठ-दहा गुणांनी राहिलात, तर तयारी एका पातळीवर येऊन थांबली आहे. तिथे तास वाढवून फरक पडत नाही, पद्धत बदलावी लागते. त्यात २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. भाषेचे दोन पेपर पात्रतेपुरते आणि गुणवत्तेत धरले जाणारे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, म्हणजे १,७५० गुण लिहून मिळवायचे, शिवाय मुलाखतीचे २७५. पर्याय ओळखण्याच्या सरावावर तुमची वर्षं गेली असतील तर लिहिण्यात तुम्ही जवळजवळ नवखे आहात, हे धरून चाला.

ते तपासायला क्लासची टेस्ट सिरीज लागत नाही. सामान्य अध्ययनाचे दहा प्रश्न काढा, पुस्तक बंद करून, एका प्रश्नाला साधारण दहा मिनिटं या हिशोबाने हाताने लिहा. नाव न घालता अशा माणसाकडून तपासून घ्या ज्याला तुमची भीड नाही. बहुतेकांचं इथे एकच दुखणं निघतं. माहिती भरपूर असते, पण विचारलंय एक आणि लिहिलंय पाठ असलेलं दुसरंच. चार-सहा आठवडे रोज दोन उत्तरं लिहून हे सुधारताना दिसलं तर पुढे जा. नाही सुधारलं तर तो कौल समजा.

वयाचंही पाहा. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षांपर्यंत ही परीक्षा देता येते. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण तिच्यामुळे ‘आता थांब’ असं कोणी म्हणतच नाही. दरम्यान बाकीची दारं गुपचूप बंद होत जातात. बँकांच्या क्लार्क भरतीत खुल्या प्रवर्गाची कमाल मर्यादा २८ वर्षं, अधिकारी पदाची (पीओ) ३०. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही, त्यामुळे कोणतं दार किती उघडं आहे हे तुम्हीच जाहिराती समोर ठेवून पाहा. थांबण्याची तारीख लोकसेवा आयोग देणार नाही, ती स्वतः लिहावी लागते. ‘अमुक सालची पूर्व, आणि त्यात निघालो तर तिची मुख्य. त्यानंतर नाही.’ हे वाक्य वहीत लिहा आणि घरात एका माणसाला दाखवा. कोणाला न सांगितलेली तारीख पाळली जात नाही.

आता पान न उलटण्याविषयी. एक आठवडा फक्त घड्याळ लावून मोजा. अभ्यासिकेत बारा तास बसणाऱ्याचा प्रत्यक्ष अभ्यास चार-पाच तासांवर जात नाही. बाकीचा वेळ चहा, मोबाईल, कट-ऑफच्या अफवा, टेलिग्रामवरचे वाद यांत जातो. आपण राबतोय असं वाटतं, थकवाही खराच येतो, हातात काही पडत नाही, आणि मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी आणखी एक तास बसणं वाढतं. म्हणून बसण्याचे तास कमी करा. अभ्यासाला सहा तास ठेवा आणि दिवसाचे तीन-चार तास पैसे मिळणाऱ्या कामाला द्या. शाळेच्या मुलांच्या शिकवण्या, एखाद्या सीएच्या ऑफिसात नोंदी, दुकानात हिशोब, डीटीपी, काहीही. ‘अभ्यास होणार नाही’ ही भीती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात ज्याच्या दिवसाला दुसरी खुंटी असते त्याचे अभ्यासाचे तास जास्त खरे असतात. आणि पारावरच्या प्रश्नाला उत्तर मिळतं : ‘अमुक ठिकाणी काम करतो, सोबत परीक्षा देतो.’ हे उत्तर बढाईचं नाही, लाजेचंही नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात इथूनच होते. जिथे तुम्ही एक दिवस आला नाहीत तर कोणाचं तरी काम अडतं, अशी जागा सात वर्षांत तुमच्याकडे राहिलेली नाही. अभ्यासिकेतली खुर्ची रिकामी राहिली तर पुढच्या महिन्यात दुसऱ्याला मिळते, एवढंच.

क्लासमध्ये शिकवायला लागण्याचा मोह होईल. वाईट काम नाही, पण ‘सर’ झालं की परीक्षा सोडल्याचं स्वतःलाही कधी सांगावं लागत नाही, आणि पस्तिशीत तोच प्रश्न पुन्हा समोर येतो. ठरवून जाणार असाल तर जा, लपायला जाऊ नका.

घरी सांगायचं ते फोनवर नको, आणि लग्नसराईत पाहुण्यांनी घर भरलेलं असताना तर नकोच. साधा दिवस बघून जा, मुक्काम करा, वडिलांशी शेतात किंवा जेवणं झाल्यावर बोला. ‘बघतो’, ‘होईल’ हे शब्द टाळा, कारण घरच्यांनी ते वर्षानुवर्षं ऐकलेत. असं काही तरी म्हणा : ‘आजवर एवढा खर्च झाला. इतक्या गुणांनी राहिलो. अमुक तारखेपर्यंत शेवटचं बसणार. तोवर महिन्याचा एवढा खर्च मी कमावतोय. नाही झालं तर हे आणि हे करणार.’ आधी शांतता होईल, मग रागाचे दोन शब्द येतील. ते त्या रात्री ऐकून घ्या, तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. बहुतेक घरांना मुलाच्या अपयशापेक्षा त्याचं काय चाललंय हे न कळणं जास्त जड जातं.

नोकरीच्या अर्जात ही वर्षं दडवू नका. भलत्या कंपनीचा खोटा अनुभव लिहिला तर पडताळणीत सापडतो. ‘स्पर्धा परीक्षेची तयारी, राज्यसेवा मुख्य परीक्षेस दोनदा पात्र’ असं सरळ लिहा आणि त्याखाली आता काय येतं ते. एक्सेल येत नसेल तर दोन महिने त्यावर घाला. मराठी टंकलेखनाचं ३० शब्दांचं किंवा इंग्रजीचं ४० शब्दांचं प्रमाणपत्र लिपिक-टंकलेखक पदाला लागतं, ते हाताशी असू द्या.

एक गोष्ट वेगळी सांगतो. झोप पार उडाली असेल किंवा दिवसभर झोपच येत असेल, अंघोळ-जेवण सुटलं असेल, पुस्तकं आणि सामान वाटून टाकावंसं वाटत असेल, ‘माझ्यावाचून यांचं बरं चालेल’ असे विचार येत असतील, तर वरचं काहीही आत्ता करायचं नाही. आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. पुण्यात ससूनचा मानसोपचार विभाग आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय या दोन्ही ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग आहे. नुसत्या तपासणीसाठी जाणाऱ्याला भरती करत नाहीत, ती भीती मनातून काढा. रूम पार्टनर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : अशा मित्राला एकटं सोडू नका, घरी कळवा, वेळ आली तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा. ‘त्याला आवडणार नाही’ म्हणून गप्प बसू नका.

प्रश्न : परभणीहून पुण्याला येताना रेल्वेत रात्री बॅग आणि मोबाईल दोन्ही गेले. बॅगेत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, टीसी, जातीचा दाखला, जात वैधता, आधार, पॅन, सगळं मूळ. मोबाईल नाही म्हणून ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणून आधार निघत नाही, आधार नाही म्हणून सिम मिळत नाही. पुढच्या महिन्यात नोकरीची कागदपत्र पडताळणी आहे. मी मीच आहे हे सांगायलाही हातात काही नाही.

उत्तर : हे चक्र एका जागी फोडता येतं, तुमच्या बोटांच्या ठशांनी. पण क्रम चुकला तर आठवडे जातात, म्हणून क्रमानेच सांगतो.

चोरी लक्षात आल्यावर पहिल्या तासाभरात कोणाच्याही फोनवरून दोन कॉल करायचे असतात. मोबाईल कंपनीला सांगून सिम बंद, बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय बंद. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच तक्रार. तुम्ही हे केलं असेलच, पण लोक आधी फोन लावून लावून पाहण्यात वेळ घालवतात म्हणून लिहिलं.

मग पोलीस. चालत्या गाडीतल्या चोरीची फिर्याद लोहमार्ग पोलिसांकडे द्यायची. चोरी कुठल्या हद्दीत झाली हे सांगता येत नसलं तरी पुणे स्टेशनला ती घेता येते आणि संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. तिथे ‘गहाळ’ लिहून द्यायचा आग्रह होऊ शकतो. बॅग उचलून नेली असेल तर ती चोरी आहे, गुन्हाच नोंदवा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिर्यादीत ‘बॅग व काही कागदपत्रे’ असं मोघम लिहू देऊ नका. प्रत्येक कागदाचं नाव, कोणी दिला, कोणत्या वर्षी, बैठक क्रमांक किंवा दाखला क्रमांक असं एकेक ओळीत लिहवून घ्या. पुढे परीक्षा मंडळ, विद्यापीठ, प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालय प्रत्येक जण हाच कागद मागतो, आणि त्यात त्यांच्या दाखल्याचं नाव नसेल तर परत पाठवतो. क्रमांक आठवत नसतील तर झेरॉक्स कुठे कुठे दिली होती ते आठवा. कॉलेजची प्रवेश फाईल, बँकेची शाखा, खोलीचा भाडेकरार, नातेवाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधी तरी पाठवलेला फोटो, यांतून निम्मं सापडतं.

आता आधार. ओटीपीचा नाद सोडा. आधार केंद्रावर जाऊन नाव, जन्मतारीख, पिनकोड सांगायचा आणि ठसे द्यायचे, त्यावरून तुमचं आधार शोधून छापून मिळतं. तो क्रमांक हातात आला की मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा. टपरीवर नको. ठशांवर केवायसी होऊन जुन्याच नंबरचं सिम मिळतं. इथे हटकून अडतं ते असं की सिम वडिलांच्या नाही तर भावाच्या नावावर निघतं. मग त्यांनाच दुकानात जावं लागतं, गावाकडच्या दुकानातून त्यांनी सिम घेऊन पाठवलं तरी चालतं. दुसरी अडचण : बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. ओटीपी येत नाही म्हणून लोक घाबरून पुन्हा सिम बदलतात आणि ते २४ तास नव्याने सुरू होतात. एक दिवस थांबा.

नंबर चालू झाला की त्याच दिवशी डिजिलॉकर उघडा. आधार, पॅन आणि राज्य मंडळाची गुणपत्रिका बहुधा तिथेच मिळेल. डिजिलॉकरमध्ये त्या-त्या कार्यालयाने जारी केलेला दाखला कायद्याने मूळ कागदाइतकाच धरला जातो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेली प्रत तशी धरली जात नाही, हा फरक लक्षात ठेवा. हरवलेला फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन बंद करता येतो. तो आकडा फोनच्या खोक्यावर किंवा बिलावर असतो.

पॅनसाठी नवा अर्ज करू नका, जुन्याच क्रमांकाचं कार्ड पुन्हा छापून मागा. घाईत नवं पॅन काढलं तर एका माणसाची दोन होतात आणि त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उरलेले कागद जिथून निघाले तिथूनच निघतात. दहावी-बारावीच्या दुय्यम प्रती शाळेमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडून, पदवी तुमच्या विद्यापीठाकडून (परभणीत शिकला असाल तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ), टीसी शाळा-कॉलेजातून, जातीचा दाखला प्रांताकडून, वैधता ज्या समितीने दिली तिच्याकडून. परभणीच्या एका फेरीत शाळा, कॉलेज आणि प्रांत कार्यालय उरकेल असं बसवा. शपथपत्राचा मजकूर आधी त्या कार्यालयात विचारून घ्या. जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेर बसलेला टायपिस्ट ५०० चा मुद्रांक घ्यायला लावत असेल तर पैसे देण्याआधी आत जाऊन खात्री करा.

महिन्याभरात सगळं हातात येणार नाही. म्हणून पडताळणीच्या तारखेची वाट न बघता भरती करणाऱ्या कार्यालयाला आत्ताच अर्ज द्या. सोबत एफआयआर, डिजिलॉकरच्या प्रती आणि जिथे जिथे अर्ज केला तिथल्या पोचपावत्या जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. आधी कळवलेल्याला मुदत मिळण्याची शक्यता बरीच असते, त्या दिवशी रिकाम्या हाताने उभं राहिलेल्याला ती मागताही येत नाही. आणि पुढे कधीही मूळ कागद एका बॅगेत भरून प्रवास करू नका. स्वयंसाक्षांकित प्रतींवर बहुतेक कामं होतात.

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यातला. १९८६ साली मुंबईला आलो तेव्हा लालबागला गावच्या खोलीत अठरा जण होतो. हाल होते, पण एकटं कधी वाटलं नाही. मुलगा २६ वर्षांचा, नवी मुंबईत घणसोलीला पीजीमध्ये राहतो, रात्रपाळीची नोकरी, पगार बरा. पण शिमग्याला आला नाही, फोनवर ‘हं’ आणि ‘बरंय’. आम्हांला होती ती आपली माणसं त्याला का नाहीत?

उत्तर : कारण तुम्हांला ती आयती मिळाली होती. एसटीतून उतरलात तेव्हा खोली ठरलेली, जेवायला खाणावळ ठरलेली, काम लावून देणारा गावचाच, शनिवारी भजन, महिन्याला मंडळाची सभा आणि सभेला न आल्यास दंड. पाळ्यांत काम असल्याने एक उठला की त्याच जागी दुसरा झोपायचा. कोण आजारी आहे, कोणी पैसे गावी पाठवले नाहीत, हे सगळ्यांना माहीत. १९८२ चा गिरणी संप आणि नंतर गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले टॉवर यांत गिरणी कामगारांची ही सगळी व्यवस्थाच आटत गेली. तुमच्या मुलाने काही सोडलेलं नाही, त्याच्या वाट्याला ते आलंच नाही.

पण त्या खोलीचं फार कौतुकही करू नका. तिथे गावचाच, आणि बहुधा आपल्याच भावकीतला किंवा जातीतला माणूस चालायचा. कोणाशी बोलता, कुठे जाता यावर अठरा जणांची नजर असायची. मुलाला ती नजर नको असेल तर त्यात वावगं काही नाही. त्याला हवी असलेली ओळख आणि तुम्हांला माहीत असलेली ओळख एक असेलच असं नाही.

‘कसा आहेस?’ला ‘बरंय’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी नेमकं विचारा : पाळी किती वाजता सुटली, जेवण कुठे, खोलीत दुसरा कोण, तो कुठला. आणि रात्रपाळीवाल्याला सकाळी दहाला फोन करू नका. ती त्याची मध्यरात्र असते. संध्याकाळी पाचनंतर करा.

त्याला गावचं एखादं खरं काम द्या, मानाचं नको, जबाबदारीचं. गणपतीत वाडीतल्या लोकांची रेल्वे तिकिटं काढणं हे चांगलं काम आहे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला मोबाईल घेऊन बसावं लागतं, आणि रात्रपाळीवाला त्या वेळी नेमका जागा असतो. तिकिटासाठी दहा घरांतून फोन आले की त्या दहा घरांना तो नावाने कळतो. पालखीच्या वर्गणीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवणं हेही तसंच.

शहरातल्या बाजूने मुलाने करायचं ते त्याला सांगा, पण एकदाच. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी एकाच ठिकाणी, निदान तीन महिने. बहुतेक जण दोनदा जातात, ‘आपलं कोणी वाटत नाही’ म्हणून सोडतात. दोन वेळांत कोणीच कोणाचं होत नाही. जागा अशी निवडावी की गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येईल. जिममध्ये तसं होत नाही. ढोल-ताशा पथकात होतं, तालीम चुकली की मागची रांग विचारते. नाटकाची तालीम, ट्रेकचा गट, रक्तपेढीसाठी काम करणारे, वाचनालय यांतही होतं. त्याच्या पगाराच्या पावतीवर जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची छोटी कपात दिसते का ते बघायला सांगा. दिसत असेल तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांचे उपक्रम त्याच्यासाठीही आहेत. मंडळाच्या नाट्यस्पर्धा कितीतरी वर्षं चालू आहेत. आयटीतल्या मुलांना ते गिरणीवाल्यांचं वाटतं आणि पैसे कापले जाऊनही कोणी फिरकत नाही.

प्रश्न : मी बुलढाण्याचा, पुण्यात बाणेरला नोकरी करतो. नाव ज्ञानेश्वर, ऑफिसात ‘डॅनी’ झालंय. ‘मले’, ‘तुले’, ‘येऊन राहिलो’ बोललो की टीममध्ये हसतात. आता मी घरी फोन आला तरी ऑफिसातलं बोलतो. आई म्हणते, परक्यासारखा बोलतोस.

उत्तर : नावाचं आधी. नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या हात मिळवण्यालाच ‘ज्ञानेश्वर’ सांगा, ईमेलच्या सहीत आणि चॅटच्या नावात तेच ठेवा. जुन्यांना एकदा, हसत नाही आणि चिडतही नाही अशा आवाजात : ‘मला ज्ञानेश्वर म्हणा.’ ‘डॅनी’ला ओ देणं बंद करू नका, फक्त उत्तर देताना आपलं पूर्ण नाव वापरा. दोन-तीन महिन्यांत निम्मे बदलतात, उरलेल्यांचा नाद सोडा.

बोलीचं असं, की ग्राहकाशी बोलताना वेगळी आणि आईशी वेगळी, असं सगळेच बोलतात. त्यात खोटेपणा नाही. अडचण आईशीही ऑफिसातलं बोलू लागलात तिथे आहे. घरच्या फोनला इयरफोन लावून डेस्कवरून बोलू नका, बाहेर जा, जिन्यात बोला, भाषा आपोआप येते. आणि टीममध्ये मुद्दा समजत नसेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा वऱ्हाडी नसतं, घाईत वाक्याचा शेवट गिळणं असतं. स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका, कळेल.

जाता जाता कामाचं : ‘ज्ञानेश्वर’चं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर ‘डी’ने आणि दुसऱ्यावर ‘जी’ने सुरू होत असेल तर पीएफ काढताना अडकाल. दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच सगळीकडे करून घ्या, आधी आधार, मग पॅन, मग पीएफ. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर पावतीवरचं प्रत्येक अक्षर वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : तीन वर्षं झाली पिंपरीत राहतो. मतदान गावी, आधारवर पत्ता गावचा, घरमालक भाडेकरार नोंदवत नाही. इथला रहिवासी मी कागदावर कधी होणार?

उत्तर : भाडेकरारापासून सुरुवात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मालकाला हे धमकीच्या सुरात न सांगता त्याच्या फायद्याचं म्हणून सांगा. खर्चाचं कारण देत असेल तर निम्मा उचला. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के (अनामत असेल तर तिच्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात), आणि सगळं ऑनलाइन होतं. एजंट वर काय लावतो ते आधी विचारा.

तो करार हातात आला की त्यावर आधारचा पत्ता बदला. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरा. नमुना ६ हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा असतो. तो भरला तर नाव दोन ठिकाणी येतं, आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. अडलं तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर विचारा. मतदान केंद्राचा अधिकारी (बीएलओ) पडताळणीला येईल तेव्हा तुम्ही ऑफिसात असणार, म्हणून शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आपलं पूर्ण नाव सांगून ठेवा. ‘असा कोणी इथे राहत नाही’ एवढ्या एका वाक्यावर अर्ज फेटाळले जातात.